बावीस पायऱ्या

सरांना नमस्कार करणं अवघड काम होतं. आपण हात जोडायला जावं, तर ते त्यातला एक हात मनगटाशी धरायचे, अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं टेकवायचे, स्वतःच्या डाव्या हातातलं घड्याळ डोळ्यांसमोर न्यायचे आणि अर्धं मिनिट गप्प उभे राहायचे. समोरच्यानंही गप्प राहायचं. मग आकडा सांगायचे, "चौऱ्याऐंशी", आणि त्यानंतर विचारायचे, "काय म्हणता, बरं हाय का?" बरं आहे की नाही हे त्यांना आधीच कळलेलं असायचं. विचारणं आपलं रीत म्हणून.

परंड्यासारख्या गावाला एखाद्या माणसाची सवय झाली की तो विक्षिप्त आहे हेच गाव विसरून जातं. किराणा दुकानदार, न्हावी, शाळेचा शिपाई, सगळे सर दिसले की आपोआप हात पुढं करायचे. कुर्डुवाडीच्या गाडीचा एक कंडक्टर तर तिकीट द्यायच्या आधी हात द्यायचा. नवीन माणूस मात्र बिचकायचा. बदलून आलेल्या एका तलाठ्याला वाटलं, हे ज्योतिषी आहेत. त्यानं तळहात उलटा करून दाखवला आणि बढतीचं विचारलं. सरांनी तळहात परत पालथा केला, नाडी मोजली आणि सांगितलं, "अठ्ठ्याण्णव. चहा कमी करा."

मी त्यांची विद्यार्थिनी. आठवी ते दहावी त्यांनी आम्हाला विज्ञान शिकवलं. आता मी धाराशिवला एका दवाखान्यात ई.सी.जी. काढते, म्हणजे दिवसभर लोकांच्या छातीला वायरी चिकटवते आणि निघालेला कागद डॉक्टरांकडं देते. हे काम मी का धरलं असं कुणी विचारलं तर मी पगाराचं कारण सांगते. खरं कारण सर आहेत, पण ते सांगायला लागलं की बराच वेळ जातो.

आमचं घर बौद्धवाड्यात. सर पलीकडच्या आळीतले, मोठ्या शेतकरी घरातले. ते आमच्याकडं पहिल्यांदा आले तेव्हा आजी दारात बसली होती. तिनं जयभीम केला. सरांनी जयभीम घेतला, खाली उकिडवे बसले आणि तिचं मनगट धरलं. पूर्ण मिनिट धरलं, कारण म्हाताऱ्या माणसाची नाडी अर्ध्या मिनिटात कळत नाही असं त्यांचं मत होतं. आजीच्या आयुष्यात त्या आळीतल्या कुणी तिचा हात इतका वेळ हातात धरलेला नव्हता. सर गेल्यावर ती बराच वेळ आपलं मनगट बघत होती. मग म्हणाली, "मास्तर येडा हाय, पण चांगला हाय." सरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष ठोक्यांकडं होतं.

त्यांच्या तासाला पुस्तक फारसं उघडायचं नाही. हृदयाचा धडा आला की ते फळ्यावर मुठीएवढा आकार काढायचे, वरच्या कोपऱ्यात एक ठिपका द्यायचे आणि सुरू व्हायचे. "ह्यो ठिपका बघा. ठोक्याचा हुकूम हितनं सुटतो. ह्याला मोकळं सोडलं तर मिनिटाला शंभर हुकूम सोडंल. मग आपली नाडी शंभर का न्हाय? कारण मेंदूकडनं एक नस आलीय, ती ह्याचा कासरा ओढून बसलीय. रात्रंदिवस. पळायची येळ आली की आधी कासरा ढिला हुतो, मग दुसऱ्या नसांचा चाबूक बसतो. म्हंजे तुमी गप बसलाय ते काय आपसूक न्हाय. कुणीतरी ओढून धरलंय म्हणून गप हाय."

मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं होतं, "सर, मग काळीज मालक का गडी?"

"गडी," सर म्हणाले. "लई इमानदार गडी. जेवढं रक्त माघारी येतं तेवढं पुढं ढकलतं. जास्त आलं तर जास्त जोरानं ढकलतं. स्वतःकडं काय ठेवत न्हाय."

धडा संपला की प्रॅक्टिकल. शाळेच्या गच्चीला बावीस पायऱ्यांचा जिना होता. पाच मिनिटं शांत बसायचं, नाडी मोजायची, वहीत लिहायची. दोनदा जिना चढून उतरायचा, परत मोजायची. मग दर मिनिटाला मोजत राहायचं, पहिल्या आकड्यावर येईपर्यंत. आम्हाला पायऱ्यांची मजा होती, मोजण्याचा कंटाळा होता. पुस्तकात लिहिलेलंच होतं की माणसाची नाडी बाहत्तर असते. म्हणून पहिल्या वर्षी अख्ख्या वर्गानं पहिल्या रकान्यात बाहत्तर लिहिलं. सेहेचाळीस मुलं, सेहेचाळीस बाहत्तर.

सरांनी सगळ्या वह्या टेबलावर रचल्या. रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. "बाहत्तर लिहिणारा चोर," एवढंच म्हणाले. "तेरा वर्षांच्या पोराची नाडी पुस्तकाला इचारून चालत न्हाय. जे बोटाला लागलं ते लिहा. आन् ध्यानात ठेवा, आकड्याला महत्त्व न्हाय. आकडा हलतो का ते बघा. पायऱ्या चढल्यावर वाढला पायजे, बसल्यावर उतरला पायजे. हलतो त्यो जिता." मग आम्ही सगळे चोर परत जिन्याकडं गेलो. तेव्हापासून वर्गात कुणी थाप मारली की बाकीचे म्हणायचे, "बाहत्तर!"

शाळेनं मुलांना टाय लावायचं ठरवलं तेव्हा विरोध करणारे सर एकटे. त्यांचं म्हणणं असं की मानेत दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत पहारेकरी बसलेले असतात. रक्ताचा दाब वाढला की ते मेंदूला वर्दी देतात आणि काळजाचा वेग कमी होतो. गळ्याशी आवळलं तर पहारेकरी फसतो, त्याला वाटतं दाब वाढला, आणि तो उगीचच वर्दी देतो. त्यांनी मुख्याध्यापकांना याचा दोन पानी अर्ज दिला, आकृतीसकट. टाय आलाच. सरांनी मात्र स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण नोकरी संपेपर्यंत लावलं नाही. झेंडावंदनालाही नाही.

एकदा एका मुलाचे वडील शाळेत आले होते, पोराला नापास केलं म्हणून. हातात काठी नव्हती, पण आवाज तसा होता. स्टाफरूममधले बाकीचे शिक्षक एकेक करून कामाला निघून गेले. सरांनी त्या माणसाचं मनगट धरलं. "एकशे अठ्ठावीस," ते म्हणाले. "आता तुमी बोलाल ते तुमचं न्हाय, चाबकाचं हाय. बसा. नव्वदला आली की बोलू." तो माणूस इतका चक्रावला की बसला. सर दर दोन मिनिटांनी हात धरत होते. एकशे दहा झाली, शंभर झाली. नव्वद व्हायच्या आधीच तो पोराच्या आईच्या आजारपणाचं बोलायला लागला होता. पोरगा नापासच राहिला.

स्वतःच्या नाडीचा मात्र सरांना गर्व होता. अठ्ठेचाळीस. रोज सकाळी कुर्डुवाडी रस्त्यानं वीस किलोमीटर सायकल मारायची, तीही तरुणपणापासून. त्यानं काळीज दमदार होतं, एका ठोक्यात जास्त रक्त टाकतं, म्हणून कमी ठोक्यांत भागतं. मोठ्या बादलीनं पाणी शेंदलं की खेपा कमी लागतात, असं ते समजावून सांगायचे. हा आकडा ते स्वतःच मोजायचे आणि स्वतःच जाहीर करायचे. अख्ख्या गावाचा हात त्यांनी धरला, त्यांचा हात कुणी धरलेला मी तरी पाहिला नव्हता.

घर बांधताना त्यांनी गवंड्याकडून गच्चीला बरोबर बावीस पायऱ्या करून घेतल्या, शाळेतल्या पायरीची उंची दोरीनं मापून. गवंडी म्हणत होता अठरात होतंय. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आजही वाळवण घालायला चढताना त्या जास्तीच्या चार पायऱ्यांवर सरांचा उद्धार करतात.

काकूंची नाडी ते मोजत नसत. कारण शास्त्रीय होतं. "हिचा हात धरला की वाढती. आकडा खोटा येतो." काकूंचं म्हणणं वेगळं. "लगीन झाल्यावर एकदा धरला हुता," त्या मला म्हणाल्या होत्या. "मोजली, पर आकडा काय सांगितला न्हाय. आन् ह्येंची इचार. मी म्हयनाभर म्हायेरी राहून आले, तर दारातच म्हणत्यात, तू आलीस तरी माझी अठ्ठेचाळीसच हाय बघ. आसं कुणी सांगतं व्हय गं बायकूला?" हे त्या हसत सांगायच्या, पण दर वेळी सांगायच्या. तीस-पस्तीस वर्षं झाली तरी तो आकडा त्यांच्या मनातून गेला नव्हता.

सर निवृत्त झाले, मी धाराशिवला आले, लग्न झालं. बातम्या मोबाईलवर यायच्या. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास सरांची नाडी बेचाळीस झाली. संक्रांतीला चाळीस. त्यानंतर छत्तीस. स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात म्हाताऱ्यांचा एक कट्टा जमतो. त्या मंडळींनी छत्तीसचा आनंद म्हणून सरांचा सत्कार केला. शाल आणि नारळ. एकानं भाषणही केलं की या वयात एवढं संथ काळीज ठेवणं हे तपाचं फळ आहे, तरुणांनी आदर्श घ्यावा. सत्काराचा फोटो माझ्या मोबाईलवर आला. सर शाल पांघरून उभे, वरचं बटण उघडं, चेहरा जरा सुजल्यासारखा. दिवसभर मी हेच काम करते, हेच आकडे बघते, आणि मी त्या फोटोखाली हात जोडल्याचं चित्र टाकून दिलं. सरांचा आकडा म्हणजे सरांचा आकडा, तो चुकीचा असेल असं मनातही आलं नाही.

दोन आठवड्यांनी काकूंचा फोन आला. "ह्ये मोरीत पडले. म्हणत्यात पाय घसरला. मोरी कोरडी ठणठणीत हुती गं."

"शुद्ध होती का?"

"हाक मारली तर वर बघंनात. पाणी आणंपतूर उठून बसले. आन् मलाच म्हणत्यात, वरडतीस कशाला."

"नाडी बघितली का तुम्ही?"

"मला कुठं येतंय? आन् हात कोण धरू देतंय?"

मी म्हटलं, सरांना उद्याच धाराशिवला घेऊन या, कागद काढू. सरांनी फोन ओढून घेतला. "तुझं यंत्र बाहत्तरवाल्यांसाठी हाय. छत्तीस बघितली की बोंबलंल. मी काय येत न्हाय." फोन बंद.

रविवारी मी बार्शीवरून परंड्याला गेले. सर दारात आले, सवयीनं माझं मनगट धरलं आणि अर्ध्या मिनिटानं म्हणाले, "एकशे चार. कशाला भ्यालीस?" मी म्हटलं, स्टँडवरून चालत आले. ते म्हणाले, "चालल्याली बसल्यावर उतरंल. बस, बघू." मी बसले. ती उतरली नाही. सरांनी दुसऱ्यांदा मोजली आणि माझा हात सोडला.

"सर, तुमची बघू?" मी विचारलं.

ते जरा दचकले. मग हात पुढं केला. तळहात उताणा, ज्योतिष्याला दाखवावा तसा. मी पालथा केला आणि पूर्ण मिनिट मोजलं. छत्तीसच होती, एका लयीत, कुठं चुकत नव्हती. चेहरा सुजलेला होताच, घोट्यांवरही सूज होती. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

डॉक्टरचं नाव काढलं की सर उठून आत जाणार हे मला माहीत होतं. म्हणून मी म्हटलं, "सर, आकड्याला महत्त्व नाही, आकडा हलतो का ते बघा, असं तुम्हीच शिकवलंय. प्रॅक्टिकल करू या."

"माझ्याच जिन्यावर माझंच प्रॅक्टिकल?" त्यांना ते आवडलं. कोनाड्यातून वही काढली, रूळ लावून रकाने आखले, पहिल्यात लिहिलं, 'बसून ३६'. दवाखान्यात मी अशा पेशंटला एक पायरीही चढू दिली नसती. आजही मला वाटतं की मी चूक केली, आणि असंही वाटतं की दुसरा रस्ता नव्हता. मी त्यांच्या दंडाला धरून शेजारून चढले. काकू मागं, हात पसरून. चौदाव्या पायरीवर सर थांबले आणि समोरच्या लिंबाकडं बघू लागले. लिंबात बघण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, पुरे. ते म्हणाले, "अर्धवट प्रॅक्टिकलला मार्क न्हायत," आणि उरलेल्या आठ पायऱ्या चढले. वर कठड्याला टेकून खाली बसले. ओठ निळसर झाले होते.

मी मनगट धरलं. त्यांनी घड्याळ धरलं. मिनिट संपलं तरी मी आकडा सांगितला नाही.

"परत मोज," सर म्हणाले.

मी परत मोजली. या वेळी त्यांनी स्वतःची दोन बोटं मानेशी ठेवली, उघड्या बटणाच्या बाजूनं. दोघांचं मोजणं एकदम संपलं. त्यांनी वही मांडीवर घेतली. पेन्सिल जरा वेळ कागदाच्या वर थांबली. तिथं त्यांनी साठ लिहिले असते, सत्तर लिहिले असते, तर मी काय करणार होते? त्यांच्याशी वाद घालायची माझी छाती नव्हती. सरांनी लिहिलं, 'चढून ३६'. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी कुणाचा वाटला नाही.

त्या दोन आकड्यांखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ ओढली. मग काकूंना म्हणाले, "वरनं हुकूम सुटतोय. कासरा ढिला हुतोय, चाबूक बसतोय, सगळं हुतंय. पर खालच्या कप्प्याला निरोपच पोचंना. खालचं आपल्या मनानं चाललंय." थांबून म्हणाले, "म्हंजे शाल परत द्यावी लागंल."

"शाल ऱ्हाऊ दे," काकू म्हणाल्या, "चला आता," आणि पदरानं डोळे पुसले.

त्याच दुपारी गाडी करून आम्ही त्यांना सोलापूरला नेलं. निदान सरांनी केलं होतं तेच निघालं. चौथ्या दिवशी त्यांच्या छातीत कातडीखाली पेसमेकरचं यंत्र बसवलं. दोन तारांचं होतं. एक तार वरच्या कप्प्यातला हुकूम ऐकते, दुसरी तो खालच्या कप्प्याला सांगते. सरांनी डॉक्टरांना तीन वेळा विचारून खात्री करून घेतली की यंत्र मनानं हुकूम देणार नाही, फक्त पोचवील. मग म्हणाले, "निरोप्या हाय. बसवा."

यंत्र बसवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खाटेशी बसले होते. काकू आदल्या दिवशी कपडे आणायला परंड्याला गेल्या होत्या. खाटेवरून उठायची अजून परवानगी नव्हती, म्हणून सर कुरकुरत होते की पायऱ्यांशिवाय यंत्राची परीक्षा कशी घ्यायची. शेवटी डोळे मिटून हात पुढं केला. "बसून तरी मोज. पुरा मिनिट."

मी मोजू लागले. सहासष्टच्या चालीनं चालली होती. अर्ध्या मिनिटाच्या आसपास बाहेर व्हरांड्यात आवाज चढला. वॉचमन पास मागत होता. "पास कशाला? बायकू हाय मी त्येंची!" काकू म्हणत होत्या. "परंड्यावरनं आले, पयल्या गाडीनं, डबा गार व्हायलाय!"

सरांनी डोळे उघडले नाहीत. चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. पण माझ्या बोटांखाली नाडी एकदम उचलली. मी ठोके धरून ठेवायचा प्रयत्न केला, शेवटच्या पंधरा सेकंदांत ती शंभरच्या पुढं गेली. काकूंना दारात सांगितलेल्या त्या अठ्ठेचाळीसबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली.

काकू आत आल्या. डबा स्टुलावर ठेवला, धापा टाकत खाटेच्या दांडीला धरून उभ्या राहिल्या आणि सरांच्या मनगटावरच्या माझ्या बोटांकडं बघू लागल्या.

"किती?" सरांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

काकू माझ्याकडं बघत होत्या. तो आकडा त्यांच्या हक्काचा होता, पण तो मी सांगायचा नव्हता.

"बाहत्तर," मी म्हटलं.

सरांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, मग काकूंकडं. माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि तो काकूंच्या पुढं केला.

"चोर हाय ही," ते म्हणाले. "तू मोज."